घड्याळ आणि अवधान

एकाग्रता हा केवळ निश्चयाचा प्रश्न आहे, असे सामान्यतः मानले जाते. परंतु दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश विमानांतून रडारच्या पडद्यावर पाणबुड्यांचा शोध घेणाऱ्या निष्णात सैनिकांच्याही नजरेतून, पहारा लांबला की, खुणा निसटत. केंब्रिजमध्ये नॉर्मन मॅकवर्थ यांनी याची परीक्षा केली. कोऱ्या तबकडीवरचा काटा दर सेकंदाला एक टप्पा सरके. क्वचित दुप्पट उडी घेई. ती उडी टिपणे एवढेच काम. १९४८ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष बोलके आहेत: पहिल्या अर्ध्या तासानंतर चुका वाढत, आळीपाळीने अर्धा तास काम व अर्धा तास विसावा ठेवला की अवधान टिके. तेव्हा विसावा हा कामातील खंड नव्हे. तो कामाचाच भाग होय. अभ्यासकानेही मन थकण्याची वाट न पाहता, घड्याळ पाहून उठावे.