आजीचे गोठ मोडीत घालू नका

मेढ्याच्या कोर्टात वाटपाचे दावे चालवताना घरातल्या चीजवस्तूंचीही यादी करावी लागते. जमीन, घर, बांधावरची झाडे यांवर दोन्ही बाजू तावातावाने बोलतात. यादीच्या तळाशी मात्र एक ओळ असते : पत्र्याची ट्रंक एक, पितळी घागर एक, जुने गोठ नग दोन. या ओळीवर कोणी भांडत नाही. सोनाराकडे वजनावर घालू आणि पैसे वाटून घेऊ, असे चहा पितापिता ठरून जाते. चांदीचा भाव किलोला लाखाच्या पुढे गेल्यापासून तर मुंबईकर मंडळी जयंतीला गावी आली की माळ्यावरच्या ट्रंका खाली उतरवू लागली आहेत. गोठ कथलाचे निघाले तर भंगारवाला आहेच. माझे म्हणणे असे की, भांडायचेच असेल तर आपण याच ओळीवर भांडले पाहिजे.

हे गोठ हातातून का उतरले, याचा इतिहास आहे. 1927 च्या डिसेंबरात महाडला सत्याग्रह परिषद भरली. 25 तारखेला मनुस्मृतीचे दहन झाले, हे आपल्या लहान मुलालाही पाठ असते. पण त्याच परिषदेच्या अखेरीस बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांपुढे वेगळे भाषण केले, त्याची आठवण तितकी निघत नाही. लुगडे कसे नेसावे, मुलींना शाळेत का घालावे, मेलेल्या जनावराचे मांस घरात का येऊ देऊ नये, हे त्यांनी सांगितले. त्यातच गळ्यातल्या गळसऱ्यांच्या माळा आणि हातातल्या कथलाच्या, चांदीच्या गोठ-पाटल्या टाकून देण्यास सांगितले. कारण स्पष्ट होते. बाई दुरून दिसली, तोंड उघडले नाही, तरी तिच्या मनगटावरून आणि नेसण्यावरून तिची जात कळत होती. तो दागिना नव्हता, बिल्ला होता. स्त्रियांनी नेसण्याची पद्धत तेथेच बदलली. मेढ्याहून केळघरचा घाट चढून महाबळेश्वर, पुढे आंबेनळी घाटाने पोलादपूर आणि महाड ही वाट आपल्या माणसांच्या पायाखालची. ते वारे घाट चढून वर यायला वेळ तो किती लागणार!

कोणी म्हणेल, दागिन्यात एवढे काय आहे? त्याने ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ उघडावे. इंदूर जिल्ह्यात 1928 साली सवर्णांनी बलाई समाजावर जे नियम लादले, ते बाबासाहेबांनी त्यात दिले आहेत. बलाई स्त्रियांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत, हा त्यांतला एक नियम. पुढे 1930 साली तामिळ मुलखात रामनाडला कल्लर जातीच्या लोकांनी आदिद्रविडांवर अशीच बंदी घातली. म्हणजे एकीकडे चांदी घालशील तर मार खाशील, आणि दुसरीकडे कथील हीच तुझी ओळख. धातू वेगळा, मालक एकच. महाडच्या बायांनी गोठ काढले तेव्हा अंगावर काय घालायचे हे ठरवण्याचा हक्क त्यांनी त्या मालकाकडून काढून घेतला.

2024 च्या जुलैत लंडनच्या संग्रहालयातून वाघनखे साताऱ्याला आली. मोठा सोहळा झाला. शिवरायांच्या इतिहासाची खूण आहे, लोकांनी ती पाहावी, आमची ना नाही. पण साताऱ्यापासून तासाभराच्या अंतरावर, जावळीच्या एखाद्या बंद घरात, ज्या बाईने आपल्या हाताने गुलामीची खूण उतरवली तिचे गोठ पडलेले आहेत. ते कोण आणणार? उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव फिरून चळवळीतल्या स्त्रियांना बोलते केले, तेव्हा 1989 साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक उभे राहिले. त्यांनी तोंडी साक्ष नोंदवली. आता साक्षीदार राहिले नाहीत. मुद्देमाल उरला आहे, आणि तोही आपण मुशीत घालायला निघालो आहोत.

वकील म्हणून एक गोष्ट सांगतो. 1872 च्या पुराव्याच्या कायद्यात धातूच्या पत्र्यावरचा कोरीव लेख हा दस्तऐवज मानला होता. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमानेही ते उदाहरण तसेच ठेवले आहे. आजीच्या गोठावर काही कोरलेले नाही, म्हणून तो एकटा मुका आहे. त्याला बोलते करायचे तर सोबत कागद पाहिजे. गोठ कोणाचे, तिचे माहेर कोणते, सासर कोणते, कोणत्या साली काढले, कोणाच्या सांगण्यावरून, ही हकीकत घरात कोणी कोणाला सांगितली. सांगणाऱ्याची सही किंवा अंगठा, खाली तारीख. ऐकीव असेल तर ऐकीव असेच लिहा, पदरचे घालू नका. 1956 नंतर काढले असतील तर तसे लिहा. सगळ्यांना ओढूनताणून महाडला नेऊन बसवण्याची गरज नाही.

आणि कृपा करून चिंच लावून घासू नका. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाने. घासून लख्ख केली की वर्षानुवर्षांच्या वापराची झीजही पुसली जाते, आणि ती झीज हाच तर पुरावा. कथील तर त्याहून मऊ. सुती फडक्यात गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवले की पुरे. विहारात काचेच्या कपाटात ठेवा, पण त्याला हार घालून उदबत्ती लावणारे निघतील, त्यांना वेळीच आवरा. देव्हारे आपण उगाच नाही काढले. एखादी नात म्हणाली, मला हे कॉलेजात घालायचे आहेत, तर तिला आधी तो कागद वाचायला द्या. मग घालायचे की नाही, ते तीच ठरवील.

व्यवहाराचे एवढेच की, वस्तू विहाराकडे देताना ती दान आहे की ठेव, हे पावतीवर लिहून घ्या. विहाराचा ट्रस्ट नोंदलेला असेल तर दान दिलेली वस्तू ट्रस्टची मिळकत होते, उद्या परत मागता येत नाही. विश्वस्तांनीही ती नोंदवहीत घ्यावी, फोटो काढून ठेवावा. वर्षावासात संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन असते, तेव्हा महिला मंडळाच्या भगिनी रोज जमतात. एक वही आणि एक पेन तेथे ठेवले तर आषाढी ते आश्विन पौर्णिमा या तीन महिन्यांत एका गावाची नोंद सहज होईल. वाटपाचा दावा चालू असेल तर मात्र गोठ न्यायच्या आधी सगळ्या वारसांची संमती लेखी घ्या.