'वुड' कुठे, 'विल' कुठे?

'वुड' म्हणजे 'विल'चा भूतकाळ, एवढेच आपण शाळेत पाठ करतो. पण या शब्दाची कामे अनेक आहेत. दौलताबादच्या किल्ल्याचीच उदाहरणे घेऊन ती पाहू.

तिथल्या अंधारी मार्गाबद्दल इंग्रजीत सांगताना 'सोल्जर्स वुड वेट हिअर' म्हटले, की अर्थ होतो 'शिपाई इथे दबा धरून बसत'. हा आपला रीतिभूतकाळ. मात्र 'याचे नाव पूर्वी देवगिरी होते' यात 'वुड' चालत नाही. ती सवय नव्हे, स्थिती आहे.

महंमद तुघलकाने १३२७च्या सुमारास राजधानी इथे हलवायचे ठरवले. 'ती हलेल' असे त्याने तेव्हा ठरवले, हे आज सांगताना 'वुड' येते. 'खंदक नसता, तर किल्ला घेणे सोपे झाले असते' यातल्या 'असते'साठीही 'वुड'च. आणि 'जरा वाट दाखवता का?' ही आर्जवाची विनंतीही 'वुड यू' अशीच सुरू होते.

घोटाळा होतो तो साध्या भविष्यकाळात. नोकरीच्या पत्रात 'आय वुड जॉइन ऑन मंडे' लिहिले, तर वाचणाऱ्याला वाटते, याची काही अट आहे. होकार असून तो अर्धवट ठरतो. तिथे 'विल'च हवे.

म्हणून लिहिण्याआधी मनात विचारावे: यात 'जर' लपला आहे का? जुनी रीत, मागे ठरलेली गोष्ट किंवा विनंती आहे का? यातले काहीच नसेल, तर बेलाशक 'विल' लिहावे.