फळीवरचा डबा

डब्यातले मांस म्हटले की, ‘हा तर लष्करातला शिधा, घरी कोण खाणार!’ असे आपण म्हणाल. पण पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांवर घरोघरी फळीवर ‘स्पॅम’चा डबा दिसतो. डुकराच्या मांसाचा हा डबा अमेरिकेत १९३७ साली निघाला आणि दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या शिध्यातून बेटांवर रुळला. १९४१ साली पर्ल हार्बरवर हल्ला झाल्यावर तिथल्या जपानी वंशाच्या कोळ्यांच्या मासेमारीवर निर्बंध आले. ताजी मासळी दुर्मिळ झाली, डबा मात्र हाताशी होता. युद्ध संपलं, डबा राहिला. आज भाताच्या मुटक्यावर त्याचा तळलेला काप ठेवून वरून समुद्रशेवाळाची पट्टी गुंडाळतात. हीच ‘मुसुबी’. मुलं ती डब्यात नेतात, कामकरी उभ्याउभ्या खातात.

बर्फावाचून हे मांस टिकतं कसं? मांस भरून डबा हवाबंद करतात आणि मग डब्यासकट कडक उष्णता देतात. आतले जंतू मरतात, बाहेरचे शिरत नाहीत. फ्रान्सच्या निकोला अपेर यांनी ही युक्ती, काचेच्या बाटल्या वापरून, १८१० साली पुस्तकात मांडली. तिचं कारण पाश्चर यांनी पुढे पन्नासएक वर्षांनी उलगडलं.

एवढं मात्र सांभाळा. डबा फुगला वा गळू लागला, तर चाखूनसुद्धा पाहू नका. ‘बॉट्युलिझम’चं विष वासाला कळेलच असं नाही. ते जिवावर बेततं. दोन पैसे गेले तरी चालतील, डबा टाकून द्या.