चिकपेटहून हत्तींकडे

लग्नसराई तोंडावर आली की चिकपेटेत मराठी हमखास कानावर पडतं. बेळगाव, निपाणी, कोल्हापूरची मंडळी रात्रीच्या गाडीने बंगळूरला उतरतात, चपला दाराशी काढून दुकानातल्या पांढऱ्या गादीवर बसतात आणि दुपारपर्यंत उठत नाहीत. घड्यांवर घड्या उलगडत जातात. आत्याबाईंना काठ पसंत पडला तर नवरीला नेमका रंग नको असतो. केंपेगौडाने १५३७ मध्ये वसवलेल्या पेठेतला हा पूर्व-पश्चिम रस्ता. दोड्डपेटे, म्हणजे आजचा अव्हेन्यू रोड, याला जिथे छेदते तो चौक जुन्या गावाचा मध्य. १६३८ मध्ये आदिलशाही फौजांनी बंगळूर घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. चिकपेटेतल्या गौरीमहालात राजांचा मुक्काम असे, असं सांगतात. महाल शोधायच्या भानगडीत मात्र पडू नये, पाहण्यासारखं काही उरलेलं नाही.

साड्या बांधून झाल्या आणि परतीच्या गाडीला अजून एक दिवस असला की लालबाग, विधानसौध ही ठरलेली ठिकाणं असतात. पण कोल्हापूरकडच्या माणसाने तो दिवस बन्नेरघट्ट्याला द्यावा. चिकपेटच्या मेट्रो स्थानकावरून एकच स्थानक मागे गेलं की मॅजेस्टिक. तिथून ३६५ नंबरची बस थेट उद्यानाच्या दारात सोडते. अंतर वीस-बावीस किलोमीटरचं, तरी बंगळूरची वाहतूक लक्षात घेऊन दीड तास हाताशी ठेवावा. मंगळवारी उद्यान बंद असतं.

कोल्हापूरचं नाव घेतलं ते सुंदरमुळे. २००७ मध्ये वाडी रत्नागिरीच्या जोतिबाला हा लहानगा हत्ती अर्पण झाला. देवाच्या दारी हत्ती डुलावा, यात्रेत त्याने सोंड उचलावी, ही आपल्याकडची हौस जुनीच आहे. ज्या कोल्हापुरात हत्तींच्या साठमारीसाठी बांधलेली मैदानं होती तिथे तर हत्तीचं अप्रूप विचारायलाच नको. पण सुंदरच्या वाट्याला साखळदंड आणि मार आला. पेटा या संस्थेने प्रकरण लावून धरलं. २०१२ मध्ये महाराष्ट्र सरकारने त्याला सोडण्याचा आदेश काढला, तरी हत्ती जागचा हलला नाही. उलट डोंगरावरून वारणानगरच्या एका शेडमध्ये गेला. बीटल्सवाल्या पॉल मॅकार्टनीने त्याच्यासाठी पत्र लिहिलं, तेव्हा जोतिबाचा हत्ती जगाच्या बातम्यांत आला. अखेर एप्रिल २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याला बन्नेरघट्ट्याला हलवायला सांगितलं, सर्वोच्च न्यायालयाने त्यात बदल केला नाही, आणि जूनमध्ये सुंदर ट्रकमध्ये चढून पुणे-बंगळूर महामार्गाने इथे आला. सुमारे पन्नास हेक्टरचं झाडीचं आवार आणि स्वतःच्या जातीची सोबत, दोन्ही त्याला एकदमच मिळालं.

बन्नेरघट्टा राष्ट्रीय उद्यान १९७४ चं. त्याच्या कडेचा प्राणिसंग्रहालय आणि सफारीचा भाग २००२ मध्ये वेगळा काढून जैविक उद्यान केलं. बहुतेक पर्यटक वाघ-सिंह पाहायला जाळीच्या बसमध्ये बसतात, फुलपाखरांच्या घुमटाखाली फोटो काढतात आणि परततात. नाचवून जगवलेली अस्वलंही इथे सोडवून आणलेली आहेत. हत्तींचा कळप मात्र एका फेरीत पाहून होत नाही. त्यात वेगवेगळ्या नशिबाची जनावरं आहेत: कुणी आईपासून तुटलेलं सापडलं, कुणी शेतात घुसतं म्हणून पकडलं गेलं, कुणी माणसांच्या मालकीतून आलं, आणि कितीतरी इथेच जन्मलेली.

हत्तीचा दिवस खाण्यात जातो. मोठ्या हत्तीला रोज दीडशे किलोच्या घरात चारा लागतो, म्हणून तो दिवसाचे सोळा-सतरा तास चरत असतो. कर्नाटकातल्या हत्तीछावण्यांत वरखुराकाला नाचणीचे उकडलेले गोळे देतात. इथली माणसं रोज खातात तोच मुद्दे, फक्त आकार हत्तीच्या तोंडाला साजेसा. पाण्यावर नेऊन आडवं पाडून घासणं हे माहुताचं काम. ते पाहायला मौज वाटते, पण माहुताची नजर तेव्हा तळपायांवर असते. हत्तीच्या टाचेखाली चरबीची गादी असते, ती मातीवर चालायला बनलेली. सिमेंटच्या फरशीवर, स्वतःच्याच मुताच्या ओलीत वर्षानुवर्षं उभं राहिलं की तिला भेगा पडतात, नखांत पू होतो, संधिवात जडतो. पाळलेल्या हत्तींच्या मरणाचं हे एक मोठं कारण आहे. मंदिरातल्या हत्तीला आपण केळी देतो, नारळ देतो, पाया पडतो. पण त्याचे पाय पाहत नाही.

संध्याकाळी बन्नेरघट्ट्यातल्या हत्तींना लगतच्या जंगलात चरायला सोडतात. पायात लांब साखळी असते, ती जमिनीवर ओढली जाते आणि सकाळी माहूत त्या खुणेवरून आपापला हत्ती शोधतात. साखळी पाहून काही पर्यटक हिरमुसतात. मला तरी ती व्यवस्था प्रामाणिक वाटते, कारण वाचवलेला हत्ती म्हणजे मोकळा हत्ती नव्हे, हे ती लपवत नाही. माणसाच्या हातचं खाऊन वाढलेलं जनावर जंगलात कायमचं सोडलं तर ते पुन्हा वस्तीकडेच येतं. मधल्या रात्रीपुरतं मात्र ते खरंच हत्ती असतं. रानातले टस्कर या हत्तिणींना भेटतात आणि उद्यानात पिल्लं जन्मतात ती बऱ्याचदा अशा रानटी बापांची.

हल्ली थायलंडच्या सहलीत ‘हत्तींसोबत एक दिवस’ असं कलम असतंच. त्यांना केळी भरवायची, चिखल चोळायचा, नदीत उतरायचं. चियांग माईजवळ लेक चैलर्ट या बाईंनी लाकूडतोडीतून आणि पर्यटनातून सोडवलेल्या हत्तींसाठी आश्रयस्थान उभारलं आणि त्या कल्पनेला जगभर मान मिळाला. मग तिची नक्कलही झाली. कालपर्यंत पाठीवर हौदा ठेवून फिरवणाऱ्यांनी पाटी बदलून आश्रयस्थान लिहिलं. ओळखायची खूण साधी आहे. तुमच्या वेळेवर, तुमच्यासाठी हत्ती काही करत असेल, तर तो अजून नोकरीत आहे. बन्नेरघट्ट्यात कठड्याआड उभं राहून, हत्तीला हात न लावता बघावं लागतं, हीच मला त्याची जमेची बाजू वाटते.

सुंदरनंतर ११ वर्षांनी तोच वाद कोल्हापूर जिल्ह्यात पुन्हा पेटला. नांदणीच्या जैन मठातली महादेवी हत्तीण, लोकांची माधुरी, न्यायालयाच्या आदेशाने जुलै २०२५ अखेर जामनगरच्या वनताराला गेली. निरोपाला गाव रडलं, मग रस्त्यावर उतरलं, वनतारा चालवणाऱ्या उद्योगसमूहाचीच म्हणून लोकांनी जिओची सिमकार्डं बदलली. शेवटी नांदणी परिसरातच तिच्यासाठी पुनर्वसन केंद्र उभारण्याची तयारी वनताराने दाखवली. त्या रडण्यात खोटं काही नव्हतं. पण हत्तिणी रानात आई, मावश्या, बहिणी अशा गोतावळ्यात राहतात, थोरली हत्तीण त्यांना पाणी आणि वाट दाखवते. गावाच्या मायेने ती जागा भरत नाही. नांदणीच्या आंदोलनात हे फारसं कुणी बोललं नाही. बोललं असतं तर ऐकून घेतलं गेलं असतं का, हा प्रश्नच आहे.

आणि आता बन्नेरघट्ट्यालाही विचारायला हवं. त्याच जुलैत इथले सुरेश, गौरी, श्रुती आणि तुलसी हे चार हत्ती मालवाहू विमानाने जपानला, हिमेजीच्या सफारी पार्कला गेले. बदल्यात चित्ते, जग्वार, प्यूमा, चिंपांझी यायचे होते. तयारीत हयगय झाली नाही. जपानी कर्मचारी आधी इथे येऊन शिकून गेले, इथले माहूत आणि डॉक्टर काही दिवस सोबत राहायला गेले. पण तुलसी जेमतेम पाच वर्षांची होती. एका एकट्या हत्तीला कळप मिळावा म्हणून न्यायालयाने ज्या ठिकाणाकडे बोट दाखवलं, तिथल्याच कळपातून पाच वर्षांची पोर चित्त्यांच्या बदल्यात द्यावी, याचं उत्तर उद्यानातल्या एकाही माहितीफलकावर नाही.