जुन्नर राजधानी होतं, तेव्हाचा आफ्रिकन कारभारी

येडगाव धरण पाहून पुढे शिवनेरीला जाणाऱ्यांनो, जुन्नरात शिरताना मलिक अंबर हे नाव जरूर आठवा.

आजच्या इथिओपियात १५४८च्या सुमारास हा माणूस जन्मला. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, बगदादमार्गे दख्खनेत आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतलं. हा पेशवाही हबशी, म्हणजे मूळचा आफ्रिकनच होता, हे विशेष! दरबार, हिशेब, फौज हे सगळं अंबर तिथेच शिकला.

१६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतलं. निजामशाही संपली असंच सगळ्यांना वाटलं. अंबरने दुसऱ्या मुर्तझा निजामशहाला गादीवर बसवून ती पुन्हा उभी केली आणि १६०७च्या सुमारास राजधानी आपल्या जुन्नरला आणली. मराठा घोडदळाच्या बळावर गनिमी काव्याने त्याने मोगलांना बेजार केलं. मोगल बादशहा जहांगीर इतका चिडला, की अंबरच्या शिरावर बाण मारतानाचं स्वतःचं चित्र त्याने काढून घेतलं. प्रत्यक्षात अंबर त्याच्या हाती कधीच लागला नाही.

मला मात्र लढायांपेक्षा त्याची जमीनमोजणी आणि शेतसाऱ्याची घडी मोठी वाटते. १६१०मध्ये वसवलेली खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, आणि तिथली नहरही त्याचीच.

१६२६ मध्ये तो वारला. कबर खुलताबादला आहे. वेरूळला गेलात की तिथेही जाऊन या.