वूस्टरचे स्वीडिश, फ्रेस्नोचे आर्मेनियन

बॉस्टनपासून पासष्टेक किलोमीटरवर वूस्टर हे कारखानदारीचं जुनं शहर आहे. एकोणिसाव्या शतकात इथल्या वॉशबर्न अँड मोएन कंपनीत तार बनायची. पियानोची तार, कुंपणाची काटेरी तार, बायकांच्या घेरदार झग्यांना आकार देणारी तार, सगळी इथलीच. लोखंडाचा गज एकाहून एक बारीक छिद्रांतून ओढत न्यायचा, मधेच आम्लात बुडवून साफ करायचा आणि पुन्हा ओढायचा, असं ते काम. हात भाजायचे, फुप्फुसं खराब व्हायची. या कारखान्यात स्वीडिश होते आणि आर्मेनियनही होते. अमेरिकेत आलेल्या या दोन समाजांचं आर्थिक भवितव्य इतकं वेगळं का झालं, याचा शोध घ्यायला वूस्टरपेक्षा चांगली जागा मला माहीत नाही.

स्वीडिश कामगार वर्मलांडसारख्या लोखंडाच्या पट्ट्यातून आले होते. तार ओढण्याचं कसब त्यांच्या हातात आधीच होतं. आर्मेनियन आले ते ऑटोमन साम्राज्यातल्या खारपूत भागातून. तिथे अमेरिकन मिशनऱ्यांच्या शाळा होत्या, त्यामुळे अमेरिकेचं नाव गावोगाव पोचलेलं होतं. बहुतेक जण एकटे पुरुष. चार पैसे साठवायचे आणि परत गावी जायचं, हा बेत. त्यांच्या वाट्याला आली ती हमालीची, सर्वांत कमी मजुरीची कामं. १८९१ मध्ये त्यांनी वूस्टरला अमेरिकेतलं पहिलं आर्मेनियन चर्च उभारलं. पुढच्या चार-पाच वर्षांत सुलतान अब्दुल हमीदच्या राजवटीत तिकडे कत्तली झाल्या आणि परत जाण्याचा बेत अनेकांनी कायमचा सोडला.

याच शहरात स्वीडिश माणसाला काय मिळालं ते पाहा. फ्रँकलिन नॉर्टन यांच्या कुंभारकामाच्या कारखान्यात स्वेन पल्सन नावाचा स्वीडिश कारागीर होता. १८७३ मध्ये त्याने कुंभाराच्या मातीत एमरी या कठीण दगडाची भुकटी मिसळली, चाक घडवलं आणि भट्टीत भाजलं. लोखंडाला धार लावायचं हे ग्राइंडिंग व्हील आधीच्या चाकांपेक्षा फार टिकाऊ निघालं. त्यातून नॉर्टन कंपनी उभी राहिली. तिच्या संस्थापकांत जॉन जेप्सन हे स्वीडिश कुंभार होते आणि त्यांच्या होगानेस गावाकडची माणसं एकामागून एक तिथे कामाला लागली. शहरातल्या मालक मंडळींनाही स्वीडिश माणूस हवा असायचा. तो प्रॉटेस्टंट होता, आणि आयरिश कामगारांसारखा संघटना बांधून भांडणार नाही असा त्यांचा समज होता. कसब होतं हे खरंच. पण त्या कसबाला बढतीची शिडी लावून देणारा मालकही होता. आर्मेनियन माणसासाठी त्या कारखान्यांत अशी शिडी कुणी लावली नाही.

वूस्टर हा स्वीडिश स्थलांतराचा छोटा कोपरा. मोठा ओघ मिनेसोटा आणि इलिनॉयकडे गेला. १८५० ते १९३० या काळात बारा-तेरा लाख स्वीडिश माणसं अमेरिकेत गेली. १८६७ ते १८६९ मध्ये स्वीडनमध्ये पीक बुडालं, दुष्काळ पडला आणि वाडीवस्तीतला भूमिहीन माणूस बोटीत चढला. ही माणसं गरीब होती, पण निरक्षर नव्हती. स्वीडनमध्ये पाद्री घरोघर जाऊन वाचनाची परीक्षा घ्यायचा आणि १८४२ पासून गावोगावी शाळा सक्तीच्या झाल्या होत्या. करारपत्र वाचता येणारा मजूर आणि अंगठा उठवणारा मजूर यांच्यात परक्या देशात केवढा फरक पडतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

१८६२ मध्ये अमेरिकेत होमस्टेड कायदा झाला. १६० एकर सरकारी जमीन घ्या, पाच वर्षं तिथे राहा, ती कसा, की ती तुमची. बोटीने नुकताच आलेला, अजून नागरिक न झालेला माणूसही नागरिक होण्याचा इरादा जाहीर करून अर्ज करू शकत होता. स्वीडनमधल्या स्मोलांडच्या दगडाळ तुकड्यावर मजुरी करणाऱ्याला एका पिढीत १६० एकरांचा मालक करणारा हा कायदा होता. यापुढे जे काही स्वीडिश समाजाच्या भरभराटीबद्दल सांगितलं जातं, त्याच्या मुळाशी ही जमीन आहे. आणि ती रिकामी नव्हती. त्याच १८६२ मध्ये मिनेसोटात तिथल्या मूळनिवासी डकोटा लोकांचा उठाव चिरडला गेला, डिसेंबरमध्ये मँकेटो इथे ३८ डकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी दिली गेली आणि उरलेल्यांना राज्याबाहेर हाकललं गेलं. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय तो हिशेब पुरा होत नाही.

शेतावर सगळेच गेले नाहीत. शिकागो आणि मिनियापोलिसमधल्या सुखवस्तू घरांत हजारो स्वीडिश मुली मोलकरणी म्हणून राहिल्या. राहायला-जेवायला मालकाकडे, म्हणून पगार जवळजवळ सगळा शिल्लक. त्या इंग्रजी लवकर शिकल्या, घरी पैसे पाठवले, धाकट्या भावंडांची तिकिटं काढली. या मुलींच्या कमाईवर किती कुटुंबं उभी राहिली, याची नोंद पुतळ्यांवर नसते. सेंट पॉल शहरात मात्र स्वीड हॉलो नावाची एक घळ होती: ओढ्याकाठी लाकडी खोपटी आणि ओढ्यावरच बांधलेले संडास. तिथे आधी स्वीडिश राहिले. ते वर सरकले तेव्हा इटालियन आले, मग मेक्सिकन. १९५६ मध्ये पालिकेने ती वस्ती जाळून टाकली. याउलट जॉन नॉर्डस्ट्रॉम हा स्वीडिश मुलगा १८८७ मध्ये १६ वर्षांचा असताना खिशात पाच डॉलर घेऊन उतरला, पुढे क्लोंडाइकच्या सोन्यात थोडे पैसे मिळाले आणि १९०१ मध्ये त्याने सिॲटलला भागीदारीत जोड्यांचं दुकान काढलं. आजची नॉर्डस्ट्रॉम दुकानं तीच. अशी नावं लोकांच्या लक्षात राहतात. पण साधारण पाचातला एक स्वीडिश मायदेशी परतला. त्यांत कमावून परतलेले होते तसे हरून परतलेलेही होते, आणि अमेरिकेतल्या आजच्या कुठल्याच सरासरीत ते येत नाहीत.

आता कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोकडे वळू. १८८१ मध्ये सेरोपियन बंधू इथे आले आणि त्यांनी गावाकडे पत्रं पाठवली: इथलं ऊन, इथली द्राक्षं, इथली अंजिरं आपल्याकडच्यासारखीच आहेत. पूर्व किनाऱ्यावरच्या कारखान्यांतून आर्मेनियन माणसं पश्चिमेला निघाली. इथे त्यांना त्यांच्या हाताला येणारं काम सापडलं. फ्रेस्नोचा बेदाणा म्हणजे मुख्यतः थॉमसन सीडलेस. आपल्या सांगली-तासगावच्या बागायतदाराला हे नाव पाठ असतं. आपल्याकडची तास-ए-गणेश ही जात थॉमसनमधूनच निवडलेली. तासगावात बेदाणा शेडमध्ये जाळ्यांवर सुकतो. फ्रेस्नोत घड काढून ओळींच्या मधे जमिनीवर ट्रेमध्ये पसरतात आणि दोन-तीन आठवडे उन्हात ठेवतात. सप्टेंबरात एक पाऊस आला की वर्षाची कमाई मातीत. आर्मेनियन कुटुंबांनी कर्ज काढून जमिनी घेतल्या, कारण होमस्टेडची जमीन वाटून झाली होती. स्वीडिश माणसाला जमीन मिळाली सरकारी दराने. आर्मेनियन माणसाला ती घ्यावी लागली बाजारभावाने.

कर्जाची जमीन भावावर जगते. पहिल्या महायुद्धात बेदाण्याला सोन्याचे दिवस आले, जमिनीचे भाव चढले, आणि १९२० नंतर सगळं कोसळलं. कर्क केरकोरियन हे पुढे लास व्हेगासचे अब्जाधीश झाले. ते १९१७ मध्ये फ्रेस्नोत जन्मले आणि त्यांच्या वडिलांची शेती याच मंदीत गेली. बेदाणा उत्पादकांच्या सहकारी संघाने, म्हणजे सन-मेड हा छाप ज्यांचा त्यांनी, भाव सावरण्यासाठी सगळ्या शेतकऱ्यांना करारात ओढायची मोहीम काढली. सही न करणाऱ्यांच्या घरी रात्री टोळकी जाऊन धमकावत. त्यांत आर्मेनियन शेतकरी बरेच होते. शहरातल्या अनेक चांगल्या वस्त्यांत घर विकताना खरेदीखतातच अट असायची की आर्मेनियन माणसाला विकू नये. अशा अटी न्यायालयांनी अमलात आणू नयेत हे सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये ठरवलं. तोवर दोन पिढ्या गेल्या होत्या, आणि अमेरिकेत मध्यमवर्गाची संपत्ती साठते ती मुख्यतः राहत्या घरात.

याहून मोठं संकट कायद्याचं होतं. अमेरिकेचं नागरिकत्व त्या काळी मुख्यतः 'गोऱ्या' माणसाला मिळे. १९१३ च्या कायद्याने कॅलिफोर्नियात जो नागरिकत्वाला पात्र नाही त्याला शेतजमीन घेता येत नव्हती. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात भारतीय माणूस गोरा नाही असा निकाल दिला. त्यानंतर सरकारचा रोख आर्मेनियन लोकांकडे वळला. ओरेगॉनमधले गालिचे विकणारे तातोस कार्टोझियन यांच्या नागरिकत्वाला सरकारने आव्हान दिलं. समाजाने वर्गणी काढली, मोठे वकील उभे केले. मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी साक्ष दिली. १९२५ मध्ये न्यायाधीशांनी आर्मेनियन गोरे आहेत असा निर्णय दिला आणि फ्रेस्नोतल्या जमिनी वाचल्या.

थिंड यांच्या बाजूने काम केलेल्या वकिलांत सखाराम गणेश पंडित होते. ते स्वतः १९१४ मध्ये अमेरिकेचे नागरिक झाले होते, आणि थिंड निकालानंतर सरकारने त्यांचंही नागरिकत्व काढायला घेतलं. पंडितांनी मांडणी केली ती अशी: तुमच्याच न्यायालयाने सगळं जाणून मला नागरिक केलं, त्या भरवशावर मी वकिली उभारली, संसार केला, आता मागे फिरता येणार नाही. १९२६ मध्ये ते अपिलात जिंकले आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. पण तोवर कित्येक भारतीयांचं नागरिकत्व आणि त्याबरोबर जमीन गेली होती. आर्मेनियन एका बाजूला पडले, पंजाबी शेतकरी दुसऱ्या. कष्ट दोघांचे सारखेच होते आणि बऱ्याचदा शेतं एकाच खोऱ्यात होती. स्वीडिश माणसाला आपण गोरे आहोत हे कोर्टात सिद्ध करायची वेळ कधीच आली नाही.

१९२४ मध्ये वर्षाला कुठल्या देशातून किती माणसं घ्यायची याचे कोटे ठरले. स्वीडनला मिळाले ९,५६१. आर्मेनियाला १२४, तुर्कस्तानला १००. ही तारीख नीट पाहिली पाहिजे. १९१५ पासूनच्या संहारात दहा लाखांहून अधिक आर्मेनियन मारले गेले होते. नीअर ईस्ट रिलीफ या अमेरिकन संस्थेने सांभाळलेल्या अनाथ मुलांची संख्या १,३२,००० च्या घरात जाते. ज्यांना अमेरिकेची सर्वांत जास्त गरज होती त्यांच्यासाठी दार जवळजवळ बंद झालं, आणि ज्यांची गरज ओसरली होती त्यांच्यासाठी ते बऱ्यापैकी उघडं राहिलं. १९२० मध्ये, दार मिटायच्या आधी, अ‍ॅलेक्स मनूगियन हा एकोणीस वर्षांचा मुलगा आत शिरला. डेट्रॉइटला यंत्रकाम शिकून त्याने १९२९ मध्ये मास्को कंपनी काढली. १९५४ मध्ये एकाच दांडीने गरम-गार पाणी सोडणारा डेल्टा नळ बाजारात आला आणि लाखो स्वयंपाकघरांत गेला. आणखी किती मनूगियन बेरूत आणि अलेप्पोच्या निर्वासित छावण्यांत राहिले, हे कुठल्या आकड्यात बसवायचं?

बेरूतमध्ये राहिलेल्यांची मुलंनातवंडं हे कोटे रद्द करणाऱ्या १९६५ च्या कायद्यानंतर, आणि विशेषतः लेबनॉनमधल्या १९७५ च्या यादवीनंतर, लॉस एंजेलिसला आली. इराणमधल्या १९७९ च्या क्रांतीनंतर तेहरानहून आर्मेनियन आले. सोव्हिएत आर्मेनियातूनही लोक आले. तिघे आर्मेनियन, पण आर्थिकदृष्ट्या तीन वेगळे समाज. तेहरानचे बरेचसे शिकलेले आणि पैसा घेऊन आलेले. बेरूतचे दुकानदार, सोनार, तीन-चार भाषा बोलणारे. येरेवानहून आलेल्यांत अभियंते आणि शिक्षक होते, पण त्यांच्या पदव्यांना इथे किंमत नव्हती आणि सोव्हिएत देशातून बचत बाहेर नेता येत नव्हती. त्यांतल्या अनेकांना सुरुवातीची वर्षं सरकारी मदतीवर काढावी लागली. कुणी लॉस एंजेलिसच्या जडजवाहिरांच्या बाजारात कारागीर झाला, कुणी गॅरेज काढलं. आज दोनेक लाख वस्तीच्या ग्लेंडेल शहरात साधारण पाचातले दोन रहिवासी आर्मेनियन वंशाचे आहेत. त्यांच्यात रुग्णालयं चालवणारे डॉक्टर आहेत आणि अनुदानित घरांत राहणारे वृद्धही आहेत.

आता जनगणनेची वंशावार सरासरी काढली तर स्वीडिश वंशाचे लोक राष्ट्रीय सरासरीच्या थोडे वर दिसतात, त्यांच्यात गरिबी कमी दिसते. आर्मेनियन वंशात श्रीमंतीही दिसते आणि गरिबीही ठळक. आणि मग लगेच स्वभावाच्या गोष्टी सुरू होतात. अमेरिकन अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांची एक गोष्ट सांगतात. एक स्कँडिनेव्हियन अर्थतज्ज्ञ म्हणाले, आमच्याकडे गरिबी नाही. फ्रीडमन यांनी उत्तर दिलं, अमेरिकेतल्या स्कँडिनेव्हियन लोकांतही ती नाही. ऐकायला चटकदार, पण या उत्तरावर मी विश्वास ठेवत नाही. स्वतःला स्वीडिश म्हणवणाऱ्या ३५-४० लाखांतले जवळजवळ सगळे अमेरिकेत जन्मलेले आहेत, त्यांचे पूर्वज तीन-चार पिढ्यांपूर्वी आले आणि मधल्या काळात जर्मन, नॉर्वेजियन, इंग्रज कुटुंबांत लग्नं झाली. आर्मेनियन समाजातला मोठा हिस्सा स्वतः विमानाने उतरलेला आहे. एकीकडे पणतू, दुसरीकडे नवखा, आणि तुलना दोघांच्या पगाराची.

रान अब्रामित्झ्की आणि लीआ बूस्टन या अर्थतज्ज्ञांनी जुन्या जनगणनेतली लाखो नावं पिढ्यान्‌पिढ्या जोडून पाहिली. त्यांना आढळलं की गरीब स्थलांतरितांची मुलं, मग ती शंभर वर्षांपूर्वीची असोत वा आजची, जवळजवळ कुठल्याही देशातून आलेली असोत, स्थानिक गरिबांच्या मुलांपेक्षा वर चढतात. आणि एक मोठं कारण हे की त्यांचे आईबाप जिथे कामं वाढत आहेत तिथेच जाऊन बसतात. म्हणजे प्रश्न जातीच्या गुणाचा कमी, ठिकाणाचा आणि वेळेचा जास्त. अमेरिकेतल्या भारतीयांचं उत्पन्न सर्वांत वर असतं याचा आपल्याकडे मोठा अभिमान. पण व्हिसाच्या चाळणीने आधीच निवडलेल्या अभियंत्यांची आणि डॉक्टरांची ती सरासरी आहे. सखाराम पंडितांच्या काळात त्याच देशातल्या कॅलिफोर्नियात भारतीय माणसाला शेतजमीन धरता येत नव्हती.

२०२४ मध्ये अमेरिकी सरकारने जनगणनेच्या अर्जात मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिका असा वंशाचा नवा रकाना मंजूर केला. आजवर या भागातली माणसं 'गोरी' म्हणून मोजली जात. आर्मेनियन लोकांना या रकान्यात घ्यायचं की नाही, हा निर्णय पुढच्या अभ्यासावर सोडला आहे. समाजातले काही जण म्हणतात, आम्हाला त्यात घ्या, म्हणजे आमच्यातली गरिबी, आमच्या वृद्धांची अवस्था आकड्यांत दिसेल आणि निधी मिळेल. काहींना कार्टोझियन खटल्याची आठवण आहे आणि 'गोरे' हा शिक्का सोडायला ते तयार नाहीत. बेरूतहून आलेल्या आजोबांनी अर्जावर कुठे खूण करायची, हे ग्लेंडेलच्या घराघरांत अजून ठरायचं आहे.