एका शेअरचे दोन आलेख



गेल्या वर्षी आमच्या अकरावीच्या वर्गाला मी एक गृहपाठ दिला होता. काळाबरोबर बदलणारी कोणतीही एक राशी निवडा, तिच्या नोंदी मिळवा आणि आलेख काढा, एवढीच अट होती. कुणी पावसाचे आकडे घेतले, कुणी धरणातील पाण्याची पातळी घेतली. दोघांनी मात्र, एकमेकांना न विचारता, इन्फोसिस या कंपनीच्या शेअरचा भाव निवडला. गंमत अशी, की त्यांचे आलेख एकमेकांशी मुळीच जुळेनात!

मुलीने ग्रंथालयात बसून वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली चाळल्या होत्या. जून १९९३ मध्ये या शेअरचे व्यवहार बाजारात सुरू झाले, तेव्हाचा तिचा पहिला बिंदू होता १४५ रुपये. मुलाने संगणकावरून तयार कोष्टक उतरवून घेतले होते. त्याच दिवसाचा त्याचा बिंदू होता सुमारे १४ पैसे!

"सर, हा भाव कितीदा तरी एका रात्रीत निम्म्यावर आला आहे," मुलगी काळजीने म्हणाली. "आमच्या आजोबांकडे हे शेअर आहेत. त्यांनी ते विकून टाकायला हवेत." मुलाचे म्हणणे नेमके उलट. "चौदा पैशांचे हजार-दीड हजार रुपये झाले. आजोबांनी उरलेली पुंजीही यातच घालावी."

आजोबा निवृत्त शिक्षक. पुंजी त्यांच्या आयुष्याची. तेव्हा चूक कोणाची, हे शोधणे केवळ गुणांपुरते उरले नव्हते.

वडीचे तुकडे

प्रथम शेअर म्हणजे काय ते पाहू. शेअर म्हणजे कंपनीच्या मालकीचा एक छोटा भाग. ताटात थापलेल्या बर्फीच्या दहा वड्या पाडल्या, तर एक वडी म्हणजे ताटाचा दहावा हिस्सा. आता प्रत्येक वडी मधोमध कापली तर वड्या वीस होतील आणि प्रत्येकीची किंमत निम्मी होईल. पण ज्याच्याकडे आधी एक वडी होती त्याच्याकडे आता दोन आहेत. त्याच्या वाट्याची बर्फी तेवढीच राहिली.

कंपन्याही असेच करतात. शेअरची दर्शनी किंमत कमी करून एकाचे दोन केले, तर त्याला विभाजन म्हणतात. कंपनीने साठवलेल्या नफ्यातून काही रक्कम भांडवलात वर्ग करून भागधारकांना फुकट शेअर दिले, तर ते बोनस शेअर. हिशेबाची रीत वेगळी, पण दोन्हींत प्रत्येकाचा मालकीचा हिस्सा बदलत नाही. शेअरची संख्या वाढते आणि त्या प्रमाणात प्रत्येकाचा भाव उतरतो.

ही कंपनी १९८१ मध्ये पुण्यात सात अभियंत्यांनी स्थापन केली आणि पुढे ती बंगळूरला गेली. १९९३ च्या फेब्रुवारीत तिने आपले शेअर प्रत्येकी ९५ रुपयांना जनतेला देऊ केले. त्या वेळी कुणी १०० शेअर घेतले आणि एकही विकला नाही असे समजा. पुढे काय झाले ते पाहा :

१९९४ — एकास एक बोनस — २००
१९९७ — एकास एक बोनस — ४००
१९९९ — एकास एक बोनस — ८००
२००० — एकाचे दोन, विभाजन — १,६००
२००४ — एकास तीन बोनस — ६,४००
२००६ — एकास एक बोनस — १२,८००
२०१४ — एकास एक बोनस — २५,६००
२०१५ — एकास एक बोनस — ५१,२००
२०१८ — एकास एक बोनस — १,०२,४००

एका शेअरचे १,०२४ झाले. ही संख्या ओळखीची वाटते ना? २ चा दहावा घात! आता १४५ ला १,०२४ ने भागा. उत्तर येईल ०.१४, म्हणजेच मुलाचे १४ पैसे.

याचा अर्थ १९९३ साली कुणाला तो शेअर १४ पैशांना मिळत होता का? मुळीच नाही. त्या काळच्या आकड्यांचे आजच्या एककात केलेले ते रूपांतर आहे. पूर्वी फुटांत मोजलेली लांबी आज मीटरमध्ये मांडताना आपण जे करतो, तेच येथे केले आहे. मुलीने फूट आणि मीटर एकाच अक्षावर मांडले होते. तिला दिसलेली प्रत्येक दरड म्हणजे एकक बदलल्याची खूण होती. जुने भाव असे बदलून घेतले की त्यांना समायोजित भाव म्हणतात.

समायोजन करताना एक नियम पाळावा लागतो. ज्या दिवसापासून बाजारात बोनसविना व्यवहार सुरू होतात, त्याच्या आधीचेच सर्व भाव भागायचे. त्या दिवसाचे व नंतरचे भाव तसेच ठेवायचे. लाभांशाचीही अशीच गोष्ट आहे. कंपनी नफ्यातून रोख रक्कम वाटते, तेव्हा शेअरचा भाव साधारण तेवढ्याने उतरतो, पण ती रक्कम भागधारकाच्या खिशात गेलेली असते. काही कोष्टकांत लाभांशही जमेस धरतात, काहींत नाही. म्हणून कोष्टक उतरवण्यापूर्वी त्याचा मथळा वाचावा.

सोळापट की सोळा हजारपट?

समजा, एखाद्या दिवशी या शेअरचा भाव १,५२० रुपये आहे. वर्तमानपत्रातील भाव पाहिले तर ९५ चे १,५२० झाले, म्हणजे १६ पट, चार दुपटी. पण शेअरही १,०२४ पट झाले, म्हणजे आणखी दहा दुपटी. एकूण चौदा दुपटी, अर्थात १६,३८४ पट! चौदा दुपटींपैकी दहा मुलीच्या आलेखात दिसतच नव्हत्या.

मग मुलाचा आलेख बरोबर का? आकडे बरोबर होते. अक्ष मात्र फसवा होता. साध्या आलेख कागदावर १४ पैसे आणि १,५२० रुपये एकत्र मांडले, की पहिली कित्येक वर्षे तळाशी जमिनीसारखी सपाट दिसतात आणि शेवटी एकदम डोंगर उभा राहतो. वास्तविक १४ पैशांचे २८ पैसे होणे आणि ७६० चे १,५२० होणे, भागधारकाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. समान पटींना समान उंची देणारा कागद आपल्या प्रयोगशाळेत असतो. त्याला अर्ध-लॉग कागद म्हणतात.

त्या कागदावर पुन्हा बिंदू मांडताच मुलगा गप्प झाला. मार्च २००० च्या सुमारास एक उंच शिखर दिसू लागले आणि त्यापुढे खोल दरी. संगणक-कंपन्यांच्या शेअरची जगभर आलेली लाट ओसरली, तेव्हा हा भावही निम्म्याहून अधिक उतरला होता. ज्याने शिखरावर खरेदी केली, त्याला आपले पैसे पुन्हा दिसायला अनेक वर्षे थांबावे लागले. १० एप्रिल २००३ रोजी कंपनीने पुढच्या वर्षाचा अंदाज बेताचा सांगितला आणि एकाच दिवसात भाव चतुर्थांशाहून अधिक घसरला. त्या दिवशी ना बोनस होता, ना विभाजन. ही पडझड खरी होती. खोट्या दरडी गाळल्या, की खऱ्या दरडी स्पष्ट दिसतात.

आलेख भविष्य सांगतो का?

१८२७ मध्ये रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने पाण्यातील परागांतले सूक्ष्म कण वेडेवाकडे नाचताना पाहिले. आइन्स्टाइनने १९०५ मध्ये त्या नाचाचे गणित मांडले, हे तुम्ही वाचले असेल. पण तशाच प्रकारचे गणित पाच वर्षे आधी, १९०० साली, लुई बाशेलिए या फ्रेंच गणितज्ञाने पॅरिसमधील आपल्या प्रबंधात मांडले होते. आणि ते कशासाठी? शेअर बाजारातील भावांसाठी!

एक प्रयोग करून पाहा. वहीत १०० हा आकडा लिहा. नाणे उडवा. छाप पडला तर एक मिळवा, काटा पडला तर एक वजा करा. असे दोनशे वेळा करा आणि आलेख काढा. त्यात तुम्हाला शिखरे, दऱ्या, 'तेजीचा काळ' असे सगळे दिसेल. मित्राला सांगा की हा एका कंपनीचा भाव आहे. तो त्यामागची कारणेही सांगू लागेल! कारण मात्र एकच, तुमचे नाणे. खरा बाजार नाण्याहून अधिक मोठ्या उड्या मारतो, हे २००३ च्या त्या दिवसावरून तुम्ही ओळखलेच असेल. तरीही केवळ आकार पाहून पुढचा बिंदू सांगता येत नाही, हा धडा दोन्हींत सारखाच आहे.

आणखी एक सावधगिरी. आपण जी कंपनी निवडली ती यशस्वी आहे, म्हणून तर तिचे नाव आपल्या ओठावर आले. ज्या बुडाल्या त्यांचे आलेख कोण काढतो? सत्यम कॉम्प्युटर्स हीदेखील नावाजलेली कंपनी होती. ७ जानेवारी २००९ रोजी तिच्या अध्यक्षांनी हिशेब खोटे असल्याची कबुली दिली आणि सुमारे १७९ रुपयांचा शेअर त्या दिवसअखेर सुमारे ४० रुपयांवर आला. आदल्या दिवसापर्यंतच्या आलेखात त्या खोट्या हिशेबांचा उल्लेख कोठून असणार?

मग जुन्या भावांचा उपयोग काय? उपयोग पुष्कळ आहे. चढउतार किती मोठे असू शकतात, पडलेला भाव सावरायला किती काळ लागू शकतो, आपली खरी वाढ किती पट झाली, हे सारे त्यांतून मोजता येते. पण कंपनी काय करते, तिचा नफा किती, तिच्यावर कर्ज किती, हे प्रश्न वेगळे विचारावे लागतात.

दोघे मिळून नवा आलेख घेऊन आजोबांकडे गेले. आजोबांनी चष्मा लावून तो नीट पाहिला. २००० च्या दरीवर बोट ठेवून त्यांनी विचारले, "येथून वर यायला किती वर्षे लागली?" मुलीने मोजून सांगितले. "मला काही पैसे पुढच्या वर्षी लागणार आहेत," आजोबा म्हणाले, "आणि काही कधीच लागणार नाहीत. तेव्हा थोडे विकतो, थोडे ठेवतो."

विकण्याचा मुलीचा सल्ला आणि आणखी घेण्याचा मुलाचा सल्ला, दोन्ही बाजूला पडले. दोघांनाही मी पूर्ण गुण दिले. आजोबांना द्यायला मात्र माझ्याकडे गुणपत्रिका नव्हती!